घरगुती आरोग्य : बटव्याची दोरी

आषाढाच्या सरी सुरू झाल्या की घरातील लहानथोरांच्या प्रकृतीच्या कुरबुरींनाही आरंभ होतो. कुणाचे पोट बिघडते, कुणाला पडसे होते, कुणाचे गुडघे ओल लागून आखडतात. अशा वेळी आपल्या घरांतून पहिली आठवण निघते ती आजीबाईच्या बटव्याची. ओव्याची फक्की, आल्याचा रस, हळद घातलेले दूध, सुंठेचा लेप या गोष्टी आपल्या हाती इतक्या बसलेल्या आहेत की त्यांना औषध म्हणण्याचेही आपल्या मनात येत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही बहुधा एकच पृच्छा असते : अमुक दुखण्यावर घरच्या घरी काय करावे?

या पृच्छेला आम्ही आजवर यथामति उत्तरे देत आलो आहोत आणि आजही देणार आहोत. परंतु या खेपेस तिला जोडून आणखी तीन प्रश्न विचारावे असे आम्हांला वाटते. हा उपाय कोणासाठी? किती मात्रेत? आणि कोठवर? बटव्याला दोरी असते. ती सैल करून आतील जिन्नस काढावयाचे असतात, तशीच ती वेळेवर ओढून बटवा बंदही करावयाचा असतो. जाणत्या आज्यांना ही दोन्ही कामे ठाऊक होती. आज बटवा उघडणारे हात पुष्कळ आहेत, दोरी ओढणारे कमी झाले आहेत. आणि त्याची किंमत बहुधा घरातील सर्वांत लहान किंवा सर्वांत वृद्ध माणसाला द्यावी लागते.

वळशांचे गणित

शिंदे, होळकर आणि गायकवाड यांच्याबरोबर आपली अनेक घराणी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे येऊन स्थिरावली, त्यास दोनशेहून अधिक वर्षे लोटली. या प्रवासात जे सामान कधी मागे राहिले नाही त्यात गुटीची सहाण होती. वाड्यात सासू, आजेसासू, एखादी आत्या असे. बाळाला गुटी द्यावयाची ती वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, ज्येष्ठमध, हळकुंड अशा जिनसांची. पण तिचे मर्म जिनसांत नव्हते, वळशांत होते. सहाणेवर वेखंडाचा एक वळसा की अर्धा, जायफळ उगाळावे की आज वगळावे, हे बाळाचे वय, त्याचा रंग, त्याची शी पाहून ठरत असे. उन्हाळ्यातली गुटी पावसाळ्यात जशीच्या तशी चालत नसे. आणि बाळ मलूल दिसले, दूध ओढीनासे झाले, की तीच आजी सहाण बाजूला सारून वैद्यांकडे नाही तर डॉक्टरांकडे माणूस धाडी.

आता वाडे गेले. मुलगा-सून पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशी. बटव्यातील जिनसांची यादी तेवढी पोहोचते, तीही पुष्कळदा दूरध्वनीवरून आलेल्या संदेशांतून. वळशांचा आकडा त्या यादीत नसतो. त्यामुळे जे ज्ञान पूर्ण होते ते अर्धे होऊन आपल्या हाती येते, आणि औषधाच्या बाबतीत अर्धे ज्ञान काही वेळा अज्ञानाहून घातक ठरते.

नावांचा घोटाळा

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस आणखी एक अडचण आहे, ती नावांची. आपण घरात म्हणतो ओवा. इंदूरचा दुकानदार त्यास अजवायन म्हणतो, बडोद्याचा अजमो, हैदराबादचा वामु. आपला हिरडा हिंदीत हरड आणि तेलुगूत करक्काय होतो. वेखंड मागावयाचे तर ग्वाल्हेरीस बच म्हणावे, गुजरातेत घोडावज आणि बेळगावकडील कानडी दुकानात बजे. गुळवेल ही हिंदीत गिलोय, गुजरातीत गळो, कानडीत अमृतबळ्ळी.

इथवर केवळ भाषांतराचा प्रश्न आहे. खरी गफलत होते ती नावे जवळजवळ सारखी असून वस्तू निराळी असली म्हणजे. जंतांवर दिले जाणारे आपले कडू जिरे हिंदीत काली जीरी होय. काला जीरा मागितला तर मसाल्याचे शहाजिरे पुड्यात येते. बाळंतिणीसाठी बाळंतशेपा हवा असून हिंदीत सोया म्हणावे तर आजचा दुकानदार सोयाबीन काढून देतो. बडोद्याच्या वाचकांनी तर विशेष जपावे : आपला अडुळसा म्हणजे गुजरातीतील अरडूसी हे झुडूप, मोटो अरडूसो हा निराळाच उंच वृक्ष असून त्यास मराठीत महारुख म्हणतात. एका स्वराने झुडपाचे झाड होते!

हा घोटाळा नवा नाही, आणि त्यावर उपाय शोधणारी माणसेही आपल्यांतलीच होती. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथात भारतीय औषधींची चर्चा आहे, ती बऱ्याच अंशी नावे आणि वस्तू यांचा मेळ घालण्याचीच आहे. पुढे 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत निघालेल्या 'होर्तुस मलबारिकुस' या महाग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोकणी वैद्यांनी साह्य केले. त्यात वनस्पतींची चित्रे असून नावे अनेक भाषांत आहेत, त्यांत नागरीतील कोकणी नावेही आली आहेत. मागील शतकाच्या आरंभी, 1918 साली, कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांच्या ग्रंथानेही प्रत्येक वनस्पतीच्या शास्त्रीय नावाखाली प्रांतोप्रांतीची नावे देण्याची शिस्त पाळली. या थोर मंडळींना जी काळजी घ्यावीशी वाटली ती आपण दुकानात पुडा घेताना अवश्य घ्यावी. नाव सांगून न थांबता वस्तू डोळ्यांनी पाहावी, वासाने ओळखावी. ओळख पटली नाही तर घेऊ नये.

ज्यांना आधार आहे असे उपाय

आता बटव्यातील चांगल्या गोष्टींकडे वळू, कारण त्या थोड्या नाहीत.

ओव्याच्या तेलात थायमॉल हे जंतुनाशक द्रव्य मुबलक असते. पहिल्या महायुद्धापूर्वी हेच थायमॉल काढण्यासाठी आपल्याकडील ओवा जर्मनीस जात असे. जेवणानंतर पोट फुगले तर चिमूटभर ओवा मीठ लावून चावणे हे सयुक्तिकच आहे. लवंगेतील युजेनॉल दाताची कळ तात्पुरती बधिर करते. दंतवैद्यही ते वापरतात. मात्र लवंग कीड काढीत नाही, म्हणून कळ थांबली तरी दात दाखविणे राहते. आले किंवा सुंठ मळमळीवर उपयोगी पडते, हे गर्भवती स्त्रियांच्या सकाळच्या मळमळीबाबतही तपासून पाहिले गेले आहे. वर्षावरील मुलास रात्री खोकल्याची ढास लागली तर अर्धा-एक चमचा मध दिल्याने तिला उतार पडतो.

अडुळशाची कथा तर ऐकण्याजोगी आहे. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्याच्या धर्तीवर 1960 नंतरच्या दशकात ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध रासायनिक रीतीने तयार झाले, आणि आज खोकल्याच्या कित्येक बाटल्यांवर ते नाव आढळते. परंतु त्याच व्हॅसिसिनाने गर्भाशयाचे आकुंचनही होते. म्हणून गरोदर स्त्रीने अडुळशाचा काढा घेऊ नये. गुण आणि अवगुण एकाच पानात नांदतात ते असे.

उत्तर गुजरातेत उंझा-सिद्धपूरकडे ज्याचा मोठा व्यापार चालतो त्या इसबगोलाची साल बद्धकोष्ठावर उत्तम. तिने रक्तातील कोलेस्टेरॉलही थोडे उतरते. पण ती पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावी व वरून आणखी पाणी प्यावे. कोरडी फक्की मारली तर ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकते, आणि वृद्धांच्या बाबतीत हे संकट ठरते.

हळदीबद्दल आपणा सर्वांस अभिमान आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या कृतीवर 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास एकस्व मिळाले, तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली, जुने ग्रंथ व लेख पुढे ठेवले आणि 1997 साली ते एकस्व रद्द करविले. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे गोव्यातील माशेलचे. या लढ्यात जे सिद्ध झाले ते इतकेच, की हळदीचा हा उपयोग आपल्याकडे पूर्वापार ठाऊक होता. हळद सर्व रोगांवर चालते असे काही त्यातून निघत नाही. शिवाय बाजारच्या हळदपुडीत पिवळेपणासाठी शिशाचे संयुग मिसळल्याची उदाहरणे आढळली आहेत. हळकुंडे आणून दळून घेण्याची आपली जुनी रीत त्या दृष्टीने शहाणपणाची होती. तथापि हळकुंडांनाही रंग चोळलेला असू शकतो. अति तजेलदार पिवळी हळकुंडे पाहून भुलू नये.

पेज आणि जुलाब

पावसाळ्यातील सर्वांत महत्त्वाचा विषय जुलाबांचा, आणि येथे आपल्याच स्वयंपाकघरात दोन परस्परविरुद्ध परंपरा नांदत आल्या आहेत. एक म्हणते, पोटात गेले की बाहेर पडते, म्हणून पाणी तोडा. दुसरी म्हणते, मीठ घातलेली पातळ पेज थोडी थोडी पाजीत राहा. यांतील पहिलीने असंख्य बाळांचे प्राण घेतले. दुसरीत शास्त्र होते.

जुलाबांत माणूस दगावतो तो बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. आतड्यास अशा स्थितीत नुसते मीठपाणी नीट शोषून घेता येत नाही; परंतु त्यात योग्य प्रमाणात साखर असली की साखर व मीठ हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. 1971 साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांना तोंडाने पाजविण्याची व्यवस्था केली. पाजणारे बहुधा घरचेच आप्त असत. जेथे शंभरांत तीसपर्यंत माणसे मरत होती तेथे मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. 1978 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत होऊ शकेल असे म्हटले. डॉ. महालनबीस 2022 साली निवर्तले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

हा उपाय प्रत्येक घरात पाठ असावा. औषधाच्या दुकानातील जलसंजीवनीची पुडी मिळाली तर उत्तम. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा अधिक पडू देऊ नये. ते लहान मुलास अपायकारक होते. चव अश्रूंहून खारट लागली तर ते पाणी टाकून पुन्हा करावे. दोन वर्षांखालील मुलास दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्यास अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर वापरू नये. अंगावरचे दूध तोडू नये. मोठ्या मुलास मऊ भात, पेज, वरणाचे पाणी, ताक चालू ठेवावे. याच्या जोडीस डॉक्टर दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, त्या मधेच सोडू नयेत.

येथे एक सावधगिरी. बाजारात फळांच्या चवीची गोड पेये 'ओआरएस' हे अक्षरशब्द मिरवीत विकली जात होती. त्यांत साखर फार व क्षार थोडे, त्यामुळे जुलाब उलट वाढण्याचा धोका. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने याविरुद्ध अनेक वर्षे नेटाने पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही खोक्यावरील घटक वाचल्याविना काही घेऊ नये.

तान्हुल्यांच्या बाबतीत

सहा महिन्यांच्या आतील बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही नको. पाणीदेखील नको, असे आजचे वैद्यक सांगते. मग गुटीचे काय, असा प्रश्न आज्यांच्या मनात येईल. आम्ही त्यांचा अनादर करीत नाही. परंतु वेखंडाच्या काही जातींत असे एक द्रव्य असते की ज्यामुळे उंदरांत अर्बुदे उद्भवल्याचे दिसले, आणि अमेरिकेत 1968 पासून खाद्यपदार्थांत वेखंडास बंदी आहे. जायफळ अधिक झाले तर गुंगी येते. बाळ शांत झोपले असे घरच्यांना वाटते, आणि ते निपचित पडलेले असते. सहाण पुरेशी धुतली गेली नाही तर पावसाळ्यात गुटीबरोबरच जंतूही पोटात जातात. मध हा वर्षाखालील बाळास चाटविण्यापुरताही देऊ नये. त्यातील एका जंतूच्या बीजाणूंपासून बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा दुर्मिळ परंतु भयंकर रोग होतो. जातकर्मासाठी सोन्याने मध चाटविण्याची चाल ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो बोट न लावता ओठांपासून दूरच दाखवावा. संस्काराचा भाव त्याने उणावत नाही.

माळव्यातील वाचकांना आणखी एका जुन्या उपायाची आठवण देणे आम्हांस कर्तव्य वाटते. मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत अफूचे पीक आजही शासनाच्या परवान्याने निघते. एके काळी रडणाऱ्या मुलास अफूचा कण देण्याची चाल सर्रास होती. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या स्त्रिया विसाव्या शतकाच्या आरंभी तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' देऊन निजवीत. तीत अफूच असे. आई कामावर आणि मूल गुंगीत. किती मुले त्या झोपेतून उठली नसतील! त्या आयांना दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. तथापि 'पूर्वीपासून चालत आले आहे' एवढे कारण कोणत्याही उपायास पुरेसे नाही, हे त्यावरून नीट ध्यानात येते. नैसर्गिक तर अफूही आहे.

गुण कोणाचा?

अमक्या गावी कावीळ उतरवून मिळते, असे आपण सर्वांनी ऐकले आहे. दूषित पाण्यातून येणारी नेहमीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या अवधीत दंडाला मुळी बांधा, ताक-भात खा किंवा डोक्यावर मंत्र पुटपुटा. ती बरी व्हावयाचीच असते, आणि यश मिळते शेवटच्या उपायास. देवडांगरीचे पाणी नाकात सोडले की पिवळे पाणी वाहू लागते आणि कावीळ वाहून गेली अशी समजूत होते. वस्तुतः ते नाकाच्या आतील नाजूक त्वचा दाहून आलेले पाणी असते.

मग बिघडले कोठे? बिघडते ते कावीळ नेहमीची नसली तर. पित्ताच्या मार्गात खडा अडकूनही डोळे पिवळे होतात. क्षयाच्या औषधांनी यकृत दुखावले तरीही होतात. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पावसाच्या पाण्यातून येणाऱ्या तापातही होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पाण्यातून येणारी एक कावीळ जिवावर बेतते. रक्त तपासल्यावाचून यांतील भेद कोणासही नुसत्या नजरेने सांगता येणार नाही.

डेंग्यूत पपईच्या पानांचा रस देण्याची टूम हल्ली पसरली आहे. डेंग्यूत खरा कठीण काळ पुष्कळदा ताप उतरू लागतानाच येतो. रस दिला, ताप उतरला, म्हणून घरची माणसे निश्चिंत होतात. आणि पोटात तीव्र कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार ही लक्षणे त्याच वेळी उद्भवतात. रसाहून हे पहारा करणे अधिक मोलाचे.

कुत्रा चावल्यावर मिरचीपूड, चुना किंवा तेल भरणे ही तर केवळ आत्मवंचना होय. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेने होणाऱ्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचतच नाही. घरगुती उपाय एकच, आणि तो उत्कृष्ट आहे : वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे. त्यानंतर विनाविलंब लस, आणि जखमेच्या स्वरूपानुसार डॉक्टर सांगतील ते जखमेभोवती टोचावयाचे औषध. पाश्चरने 1885 साली पहिल्या मुलास लस टोचली. आज ती शासकीय रुग्णालयांतून मिळते.

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी नव्हे

'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकातील लेखाने जगापुढे मांडले. त्याच मुळीतील द्रव्याने काही रुग्णांना खोल विषण्णता येते, हेही पुढे दिसून आले. जे शरीरात काही घडवू शकते ते बिघडवूही शकते.

ज्येष्ठमध घशास चांगले. पण रोज, महिनोन् महिने चघळले तर रक्तातील पोटॅशियम उतरते व रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या आजोबांनी ते सोडावे. गुळवेलीचा काढा करोनाच्या साथीत घरोघरी उकळला. 2021 साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी तो घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने गुळवेल निर्दोष असल्याचे सांगून सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शंका काढली. वाद कसाही मिटो, घरच्या माणसाने त्यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : वेल ओळखता येत नसेल तर काढा करू नये, निरोगी माणसाने तो महिनोगणती पिऊ नये, आणि दुसरे औषध चालू असल्यास आपण काय काय घेतो ते डॉक्टरांस मोकळेपणी सांगावे. ते रागावतील या भीतीने लपविलेला काढा निदानात गोंधळ करतो.

दोरी केव्हा ओढावी

पुढील खुणा दिसताच घरगुती उपाय थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. लहान मूल पीत नाही, डोळे खोल गेले आहेत, सहा-आठ तास लघवी नाही, शौचास रक्त पडते, श्वास जलद आहे किंवा श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, अथवा झटका आला. तीन महिन्यांच्या आतील बाळास ताप आला तर क्षणभरही वाट पाहू नये. मोठ्या माणसास पावसाळ्यात तीन दिवस ताप राहिला तर रक्त तपासावे. डेंग्यूची शंका असेल तोवर ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके आपल्या मनाने घेऊ नयेत. दोन आठवडे खोकला टिकला तर अडुळसा पुरे करून थुंकी तपासावी. आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या छातीत दडपण येऊन घाम सुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर तो 'वात धरला' असे म्हणून ओवा, हिंग, सोडा यांत घटका घालवू नये. हृदयविकारात पहिला तासच सर्वांत मोलाचा असतो.

वही करावी

शेवटी वाचक भगिनींस आणि बंधूंसही एक विनंती. ज्यांच्या घरी आजी, आजेसासू, एखादी जाणती मावशी अजून आहे, त्यांनी या चातुर्मासात तिच्याजवळ बसून एक वही करावी. नुसते उपाय लिहू नयेत. जिन्नस कोणता व आपल्या गावच्या भाषेत त्यास काय म्हणतात; कोणत्या वयास किती; किती दिवस; कोणास मुळीच देऊ नये; आणि काय दिसले असता ती स्वतः डॉक्टरांना बोलावी, हे पाच रकाने प्रत्येक उपायापुढे भरावे. जो रकाना तिलाही भरता येणार नाही तो आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांना विचारावा. त्यांनी काही खोडावयास सांगितले तर खुशाल खोडावे. आज्यांनीही आपल्या आज्यांचे पुष्कळ खोडले होते, म्हणूनच अफू बटव्यातून गेली.

अशी वही तयार झाली की तिची एक प्रत परगावच्या सुनेस वा लेकीस धाडावी. साखर-मीठ-पाण्याचे माप पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत असू द्यावे. पावसाळा सर्वांस सुखाचा जावो.